चेहरा : लांबुळका

नकाशेवाल्या काकांपुढे 'साधारण' म्हणायची सोय नव्हती. मी विरजण मागायला त्यांच्याकडे जायची. "काकू, साधारण चमचाभर द्या हो," म्हटलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "चमचा चहाचा की पोह्याचा?" काकू माझ्या हातातलं भांडं पटकन ओढून घ्यायच्या. "दे इकडे लवकर, नाहीतर बाहेर येतील." आणि ते यायचेच. कानावर पेन्सिल, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, आणि सदऱ्याच्या खिशात पितळी ओळंबा. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात ना, तो वजनाचा गोळा. रिटायर झालेल्या माणसाने तो खिशात कशाला बाळगायचा? पण बाळगायचे. एखाद्याच्या घरी चहाला गेले आणि भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, की चहा निवला तरी चालेल, आधी दोरी सोडायची.

धारला सरकारी कचेरीत त्यांनी सगळा जन्म नकाशे काढले. नद्या, रस्ते, गावं, आणि गावांची नावं. पीपलरावां, उदयनगर, राजगढ, अशी नावं मोहरीएवढ्या अक्षरांत लिहायची, आणि ती चष्मा न लावता वाचता आली पाहिजेत. असं अक्षर मी पुन्हा कुठे बघितलं नाही. आता तर अक्षर बघायची वेळच येत नाही. माझ्या नातीची लग्नासाठी माहिती परवा सूनबाईने मोबाईलवरून चार घरी पाठवली, मला कळायच्या आत.

काकांचं आणि बाजाराचं कधी जमलं नाही. भाजीवाली म्हणायची, "काकाजी, गोल भटे हैं, ताजे." काका वांगं हातात घेऊन फिरवायचे. "गोल कहाँ है? नीचे से चपटा है."

"तो चपटा समझ के ले जाओ. भाव वोई है."

घरी तेच. काकू बिचाऱ्या पुऱ्या लाटायच्या आणि हे ताटातली पुरी उचलून सांगायचे, ही एका बाजूला लांबली आहे. एक दिवस काकू म्हणाल्या, "पोटात गेली की होईल गोल." त्यावर काकांनी पुरी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "पोटात गेली की तिला आकारच राहत नाही." काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. पण हसत होत्या, बरं का. त्या बाईने चाळीस वर्षं असं हसून काढली.

तर सांगायचं असं, की आमच्याकडे मुलीचं लग्न काढलं की पत्रिकेबरोबर एक माहितीचा कागद जायचा. फोटो काढायचे लोक, पण दहा घरी मुलीचा फोटो फिरवणं माझ्या आईसारख्या बायकांना आवडत नसे. आधी कागद जायचा. नाव, कुळ, शिक्षण, उंची, वर्ण, चेहरा, स्वयंपाक, शिवण. आणि तो कागद लिहायला धारमधली निम्मी मराठी घरं काकांकडे यायची. कचेरीवाले ब्राह्मण यायचे तसे आम्हीही. आम्ही सुतार. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर तोफांचे गाडे दुरुस्त करत आले आणि इथलेच झाले. काकांच्या ओट्यावर सगळे एका रांगेत बसत.

काका मुलीला खिडकीपाशी स्टुलावर बसवायचे आणि बघायचे. नजर वाईट नव्हती, टेकडी बघावी तशी बघायचे. मग लिहायचे. आणि जे असेल तेच लिहायचे. एकीच्या कागदावर 'वर्ण : सावळा, उन्हात तांबूस' असं लिहिलं. तिची मावशी त्यांच्याशी भांडायला आली होती. तरी लोक का यायचे? तर इंदूर, उज्जैन, देवासपर्यंत ठाऊक होतं, धारहून त्या अक्षरातला कागद आला मतलब लिहिलंय तशीच मुलगी असणार. बघायला यायचं भाडं वाया जाणार नाही. लोक त्या अक्षरावर हो म्हणायचे.

आता माझं सांगते. मला दोन घरांनी नाकारलं होतं. ते कागद काकांकडून लिहून घेतलेले नव्हते, मामाने लिहिले होते, 'चेहरा गोल'. आणि माझा चेहरा आहे हा असा, बघताच आहात. कपाळ उंच, हनुवटी आणखी खाली. शाळेत मुलं घोडी म्हणायची. पहिल्या घरातली बाई पोहे खाता खाता आईला म्हणाली, "कागदात तर गोल लिहिलंय." बस, एवढंच. दुसऱ्यांनी तेवढंही म्हटलं नाही, मांडूला जायचंय म्हणून लवकर उठले. पहिल्या नकारापासूनच आई माझे केस कानांवरून फुगवून बांधायची आणि म्हणायची, पाहुणे आले की गाल जरा भरून ठेवत जा. कसे भरून ठेवायचे हो गाल? एकवीस वर्षांची मी, तोंडात हवा धरून चहाचा ट्रे नेत होते.

तिसरं स्थळ देवासचं निघालं. मुलगा पीपलरावां गावच्या शाळेत शिक्षक, घरी फक्त आई. माणसं साधी आहेत असं कळलं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, आता कागद काकांकडूनच. आई तयार नव्हती. पण गेली. मी स्टुलावर बसले. सगळं लिहून झालं, आणि 'चेहरा' लिहून काका थांबले.

आई म्हणाली, "गोल."

"गोल नाही."

"अहो काका, दोन अक्षरं आहेत. तुमची शाई संपते का?"

"शाई नाही हो, पण गोल नाही. लांब म्हणावं तर लांबही नाही. लांब रस्ता असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, शब्द आहे. मला आत्ता सापडत नाही. थांब थोडी."

ती थोडी म्हणजे तीन आठवडे. आई रोज विचारायची, झाला का कागद. काकू दारातूनच मान हलवायच्या. काका बाजारात, तलावाच्या काठी, देवळात, जो भेटेल त्याला विचारत सुटले होते, अशा आकाराला तुमच्या घरात काय म्हणतात? हिंदीवाले सांगायचे लंबोतरा. काका म्हणायचे, शब्द चांगला आहे, पण कागद मराठी घरात जायचा. आमच्या आळीत तर ऐलान झाल्यासारखं झालं की मिस्त्रींच्या मुलीच्या तोंडाला शब्द सापडत नाही. मी नळावर पाणी भरायला जायची बंद झाले.

मग एका सकाळी काका आमच्या अंगणात आले, दादा दाराची फळी रंध्याने तासत होते तिथे. हातात खुरासानी चिंच. बाहेरच्यांसाठी सांगते, ही आमटीत घालायची चिंच नव्हे. मांडूला ती जाड बुंध्याची झाडं आहेत, त्यांचं फळ. वीतभर, वर हिरवट मखमली लव, आणि झाडाला लांब देठावर लोंबत असतं. काकांनी ते दादांच्या फळीवर ठेवलं.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"चिंच."

"आकार सांगा."

दादांनी रंधा बाजूला ठेवला. फळावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "लांबुळकी आहे."

काका एवढे खूश झाले की खाली बसले, भुशातच. "बघा! हात फिरवल्याशिवाय हा शब्द कोणी म्हणतच नाही. सतरा जणांना विचारलं. लांबट म्हणताना माणूस नाक मुरडतो. लांबट काकडी, लांबट चप्पल, त्यात तक्रार आहे. उभट म्हटलं की पेला दिसतो, उभा ठेवलेला. निमुळता एका टोकाला बारीक होत जातो. लंबगोल पुस्तकातला, तो आम्ही कंपासने काढायचो. लांबुळका तसा नाही. लांब आहे पण टोकाला कुठे टोचत नाही, कोपरा नाही, हातात बसतो. तुमची पोर लांबुळकी आहे हो."

आई स्वयंपाकघरातून आली. हातात लाटणं होतं, ते मला अजून दिसतं. "म्हणजे माझी मुलगी चिंच?"

"वहिनी, ऐका तर. हा शब्द आला कुठून? लांब, तो आला लंब वरून. आणि लंब म्हणजे मुळात लांब नाहीच. लंब म्हणजे लोंबणारं. गणपतीला लंबोदर म्हणतो आपण. पोट काय लांब असतं का कोणाचं? लोंबतं. दुधी, दोडका, ही चिंच, जे लोंबतं ते आपल्याच भाराने लांब होत जातं. म्हणून जे लांब दिसलं त्याला लोक लंब म्हणायला लागले." त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि दोरी सोडली. गोळा दोन झोके घेऊन थांबला. "हाही त्याच घरचा. अवलंबचा ओळंबा झाला. लोंबतो, म्हणून सरळ. पुढचं ते 'उळका' कुठून आलं ते मला सापडलं नाही, खोटं सांगणार नाही."

"सगळं खरं," आई म्हणाली, "पण देवासची बाई ओळंबा सोडून बघणार आहे का? ती वाचेल लांब, आणि संपलं."

मी दाराआड उभी होते. खरं सांगते, मला त्या दोघांपैकी आईचंच पटत होतं. शब्द गोड होता, पण शब्दाशी लग्न लावून कोण देणार?

दादांनी निकाल दिला. ते फार बोलत नसत. म्हणाले, "चौकट चुकीच्या मापाची केली की दार जन्मभर भांडतं. दोनदा गोल लिहून बघितलं. आता काका म्हणतात ते जाऊ दे."

कागद गेला. 'चेहरा : लांबुळका.' इतक्या सुरेख अक्षरात, की मी तो पाकिटात घालायच्या आधी तीनदा वाचला. माझं शिक्षण हिंदीतून आठवीपर्यंत, मराठी वाचायला मी घरीच शिकले होते, अडखळत. हा शब्द मात्र अडखळले नाही.

मग काय, वाट बघणं. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. देवासहून पोस्टकार्डसुद्धा नाही. आईने काकूंशी बोलणं टाकलं. काका पोस्टमनची वेळ साधून रोज आमच्या ओट्यासमोरून जायचे, आणि मान हलवून पुढे जायचे. एकदा आईने त्यांना अडवलंच. "काय हो, काही आलं का तुमच्या शब्दाला उत्तर?"

"विलंब होतो, वहिनी." आणि सवयीने बोलून गेले, "तोही त्याच घरातला. लोंबकळत ठेवणं."

"ठेवलंय ना तुम्ही आम्हाला लोंबकळत," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काकू मला नंतर सांगायच्या, त्या दिवसापासून काका जेवताना पुरी कशी आहे ते बघेनासे झाले. समोर येईल ते खायचे. काकूंनी मुद्दाम एक वेडीवाकडी पोळी वाढून बघितली. काही बोलले नाहीत. काकू घाबरल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी, आई-दादा धारेश्वराच्या देवळात गेलेले, मी घरी एकटी तांदूळ निवडत होते. काका आले. ओट्यावरच उभे राहिले, आत आले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"हा नवा आहे. आईला दे. म्हणावं, पहिला पोस्टात गहाळ झाला असेल, हा पाठवा. नाहीतर दुसऱ्या स्थळाला चालेल."

मी कागद उघडला. तेच अक्षर. नाव, कुळ, उंची. खाली 'चेहरा : गोल'. बाकीचा सगळा कागद छापल्यासारखा होता. त्या एका शब्दाची शाई जरा पसरली होती. तिथे बराच वेळ थांबले असावेत.

ज्या माणसाने वांग्याला गोल म्हटलं नाही, त्याने मला म्हटलं होतं.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. माझ्या हट्टापायी तुझं वय चाललंय. शब्द बरोबर होता, पण पोरी, शब्द बरोबर असून काय करायचं?" हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. मला त्या वेळी काय झालं ठाऊक नाही, मी अशी बोलणारी मुलगी नव्हते. म्हटलं, "काका, हा कागद गेला आणि त्यांनी येऊन मला बघितलं, तर खोटं कोण ठरेल? तुम्ही इथे धारला. त्यांच्यापुढे मी असेन. दोनदा बसलेय मी तशी. आता नको."

काकांनी कागद माझ्या हातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर मिटला आणि गेले. मी आईला यातलं काही सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून सांगतेय.

देवासचं पत्र त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आलं. मुलाच्या आईने लिहिलेलं. शाळेत परीक्षा होत्या, मुलगा पीपलरावांहून घरी येऊच शकला नाही, म्हणून उत्तराला विलंब झाला, माफी असावी. एवढंच कारण! आम्ही इकडे जीव टांगून बसलो होतो आणि तिकडे पोरं पेपर लिहून राहिली होती. खाली लिहिलं होतं, 'लांबुळका हा शब्द आमच्या सासूबाईंच्या तोंडी असे. त्या गेल्यापासून कानावर आला नाही. मुलगी घेऊन यावे.'

दादांनी काकांनाही बरोबर घेतलं. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बसगाड्या. टेकरीच्या पायथ्याशी घर होतं, दोन खोल्यांचं. देवासला पूर्वी दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. काका वाटभर दादांना सांगत होते की रस्त्याची ही बाजू एका राज्यात आणि ती दुसऱ्या राज्यात. दादा म्हणाले, "मग व्याही कोणत्या राज्यातले ते आधी विचारा."

आईने माझे केस कानांवरून फुगवायला घेतले होते, मी सरळ मागे ओढून वेणी घातली. मी समोर जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं, सावकाश. मग म्हणाल्या, "हं. बरोबर लिहिलंय." आणि मला जवळ बसवून घेतलं.

मुलगा कोपऱ्यात बसला होता. हिंदीतून शिकलेला, मराठी बोलताना चाचरायचा. काकांना म्हणाला, "काका, मी हा शब्द ऐकलाच नव्हता. आईला विचारलं तर तिने हातानेच करून दाखवलं. म्हटलं, चलो, बघूनच घेऊ."

"आणि?" काका म्हणाले.

"समजला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. हे आमचे हे. पन्नास वर्षांत ते मला दुसऱ्या कशावरून रागावले असतील, पण दिसण्यावरून कधी नाही.

लग्न झालं, मी देवासला आले. पहिल्या दिवाळीला धारला गेले, तर काकांच्या ओट्यावर कोणी नव्हतं. दिवाळीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतात, त्या दिवसांत तो ओटा रिकामा कधी बघितला नव्हता. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहीत नाहीत आता. येणाऱ्याला परत पाठवतात. तुझं लग्न ठरल्यापासून. तूच विचार, मला सांगत नाहीत."

मी आत गेले. काका खिडकीपाशी स्टुलावर स्वतःच बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं.

"कागद का लिहीत नाही?" ते म्हणाले. "मी खोटा कागद लिहिला ना. म्हणून."

"काका, तो कुठे गेलाच नाही."

"गेला नाही. पण लिहिला."

"माझ्यासाठी लिहिला होतात."

"तुझ्यासाठीच. परक्या मुलीसाठी लिहिला असता तर म्हटलं असतं, चुकलो, पुन्हा नाही. तुझ्यासाठी लिहिला, म्हणून मला ठाऊक आहे, पुन्हा अशी कोणी घरातली पोर समोर बसली की हा हात पुन्हा लिहील. आणि समोरचे लोक अक्षर बघून विश्वास ठेवतील. ते नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मग लिहायलाच नको होता."

"असं मी म्हटलं का? लिहिला ते बरोबर केलं. आता लिहीत नाही तेही बरोबर." त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. "हे बघ, तू सासरी सुखात आहेस ना, मग पुरे झालं."

मी काही म्हणणार तेवढ्यात ओट्यावर कोणी आलं. आमच्याच आळीतली एक बाई, मुलीला घेऊन. काकांचं बंद झालंय हे तिला ठाऊक नसावं. काका उठले, दोघींना आत बोलावलं, काकूंना फराळाचं आणायला सांगितलं. बाईला नीट समजावून सांगितलं की आता जमत नाही. मुलीला स्वतःच्या हाताने पाणी दिलं, ती काय शिकते ते विचारलं, लाडू घे म्हणाले. चांगला अर्धा तास त्या बसल्या असतील. मी समोरच होते, म्हणून सांगते. तेवढ्या वेळात काकांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.